तिकडे तेल आहे ना?

मी एका टाकीतला गज बोलतोय. पितळेचा, साडेतीन फुटांचा, अंगावर आकडे ठोकलेला. टाकीत डिझेल किती उरलंय ते बघायला मला आत सोडायचे, बाहेर काढायचे आणि कुठपर्यंत ओला झालोय ते वाचायचे. काम एवढंच होतं. पण माणसांच्या हातात पडलं की सरळ काही राहत नाही. वीस-पंचवीस वर्षं मी नक्की काय मोजत होतो, हे मला अजूनही नीट उलगडलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता उलगडलं तर बरंच आहे. नाहीतर तुम्हीच मला सांगा.

माझा जन्म बुधवार पेठेच्या मागच्या एका बोळातला, सन पंच्याऐंशी. दशरथ ओव्हाळ नावाचे कारागीर तिथे वजनंमापं करायचे. दुकान म्हणजे एक लेथ, एक ऐरण आणि गिऱ्हाइकाला बसायला पालथा घातलेला डबा. शून्यापासून शंभरापर्यंतचे सेंटिमीटर दशरथभाऊंनी माझ्या अंगावर एक एक करून ठोकले. तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी माझे मालक मला न्यायला आले, सिराजभाई. घोरपडे पेठेत त्यांची बेकरी. वडील नुकतेच वारले होते, वय असेल सव्वीस-सत्तावीस, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय.

"माप चुकणार नाही ना?" सिराजभाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"गज चुकत नसतो हो," दशरथभाऊ म्हणाले. "पण एक ऐकून ठेवा. टाकीत किती आहे तेवढंच हा सांगेल. काय आहे ते सांगणार नाही."

"टाकीत डिझेल सोडून दुसरं काय असणार?"

"ते तुमचं तुम्ही बघायचं," असं म्हणून दशरथभाऊंनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलं.

बेकरी पुढे, तिच्यामागे भट्टी आणि भट्टीमागे उघडं आवार. त्या आवारात जमिनीखाली हजार लिटरची टाकी पुरलेली, वर लोखंडी झाकण. भट्टी डिझेलवर चालायची. एक पाइप टाकीत सोडलेला असायचा, तो डिझेल ओढून बर्नरला द्यायचा. मला भट्टीच्या आणि गल्ल्याच्या मधल्या भिंतीवर खिळा मिळाला. तिथून दोन्हीकडचं ऐकू यायचं आणि भट्टीच्या दारातून मागचं आवारही दिसायचं. घरात ते दखनी बोलायचे आणि दुकानात मराठी. मी तुम्हाला सगळं मराठीतच सांगतो, माझे आकडे मराठी माणसानं ठोकलेत.

सिराजभाईंनी मला आणलं खरं, पण पहिल्याच सकाळी मला त्यांच्या हातून त्यांच्या अम्मीनं घेतलं. जुबेदाबी. ठेंगणी बाई, पांढरी ओढणी, बोलणं तुटक. "बेकरी तू बघ, टाकी मी बघते," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी नमाज झाला की त्या आवारात यायच्या, माझ्या अंगाला खडू चोळायच्या, म्हणजे ओली रेघ ठसठशीत दिसते, मला सरळ तळापर्यंत सोडायच्या आणि वर काढून मोठ्यानं आकडा सांगायच्या. आतून सिराजभाई "हां" म्हणायचे. त्या "हां"शिवाय भट्टी पेटायची नाही. मला हे पटायचं. आकडा विचारला, आकडा दिला, पाव भाजले गेले. जगात गोंधळ व्हायचं कारणच काय, असं मला वाटायचं.

जुबेदाबींचा धाकटा मुलगा शहेजाद. बावीस वर्षांचा, हसरा आणि आळशी. भट्टीजवळ उभं राहायचा त्याला कंटाळा, म्हणून भट्टीजवळच उभं राहायची नोकरी धरून तो सत्त्याऐंशी साली कुवेतला गेला. तेलाच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पाव भाजायचे. इथे पाव भाजायचा कंटाळा आणि तिथे नाही, हे का, ते मला विचारू नका. 

तिथून त्याचं पत्र आलं ते सिराजभाईंनी गल्ल्यावर वाचून दाखवलं. खोलीबद्दल, उन्हाबद्दल आणि मग एक वाक्य असं: "अम्मी, खिडकीतून तेलाची जहाजं दिसतात. आपल्या टाकीतलं तेल इथूनच निघतं. मी रोज त्यांना सांगतो, घोरपडे पेठेत नीट पोचा."

पोरानं गंमत केली होती. पण जुबेदाबींनी ती गंमत म्हणून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टाकीत सोडलं, वर काढलं, खडूवरची ओली रेघ बघितली आणि आकडा सांगायच्या आधी बारीक आवाजात म्हणाल्या, "पोचलं बरं का." मी इकडेतिकडे बघितलं. आवारात दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हापासून त्यांचं डिझेल हे डिझेल राहिलं नाही, ते शहेजादकडचं तेल झालं. टेम्पोतून बॅरल आलं की त्या स्वतः बाहेर येऊन उभ्या राहायच्या. तेल येतंय म्हणजे जहाज निघालं. जहाज निघालं म्हणजे खिडकीत मुलगा उभा आहे. हा हिशोब बरोबर की चूक, मला ठरवता येईना. माझ्यावर शंभरपर्यंत आकडे आहेत, त्यात मुलगा कुठल्या आकड्याला येतो ते कुठे लिहिलेलं नाही.

मग नव्वदचा ऑगस्ट आला.

समोरच्या चाळीतल्या सुशीलाबाई रोज पाव घ्यायला यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, हातात पेपर. जुबेदाबींना मराठी वाचता यायचं नाही, म्हणून सुशीलाबाई गल्ल्यावर उभ्या राहून मथळे वाचून दाखवायच्या आणि पाव मोजून घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी पाव मोजले नाहीत. "जुबेदाबी, जरा बसून घ्या," त्या म्हणाल्या. "कुवेतमध्ये इराकचं सैन्य शिरलंय."

जुबेदाबी बसल्या नाहीत. आवारात आल्या. सकाळचं मोजमाप झालेलं होतं, तरी त्यांनी मला पुन्हा खाली काढलं, टाकीत सोडलं आणि रेघ बघितली. सहासष्ट. सकाळीही सहासष्टच होती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सहासष्टच सांगू शकत होतो, मी काय करणार?

शहेजादचं पत्र थांबलं. बूथवरून फोन लागेना. सिराजभाई कुठल्याशा कचेरीत जाऊन नाव लिहून आले, मुंबईला जाऊन विमानानं परतलेल्या लोकांच्या याद्या बघून आले. नाव नव्हतं. इकडे डिझेलही आटलं. पंपांवर रांगा लागल्या, आमच्या बॅरलवाल्यानं हात वर केले. सुशीलाबाई वाचायच्या की देशाचं निम्मं तेल बाहेरून येतं, त्यातलं बरंचसं त्याच भागातून, देशाकडे इतक्या दिवसांचा साठा आहे, तितक्या दिवसांचा आहे. रोज वेगळा आकडा. "या लोकांनी एक गज घ्यावा," त्या म्हणायच्या. मला बरं वाटायचं.

जुबेदाबी मात्र देशाचा साठा ऐकायच्या नाहीत. त्या टाकीपाशी असायच्या. एकसष्ट. सत्तावन्न. पन्नास. आकडा जितका खाली जायचा तितकं त्यांचं जेवण कमी व्हायचं. पन्नासला त्यांनी दुपारचं जेवण सोडलं. चव्वेचाळीसला रात्रीची भाकरी अर्धी उरली. भट्टी जरा कमी चालवा म्हणावं, तर पावाशिवाय घर कसं चालणार? सिराजभाईंनी भट्टी एका वेळेवर आणली, तरी रेघ खालीच. आणि जुबेदाबी एक दिवस सरळ म्हणाल्या, "टाकी रिकामी झाली की मी समजून जाईन."

"अम्मी, तेलाचा आणि शहेजादचा काय संबंध?" सिराजभाई म्हणाले.

"त्यानं लिहिलं होतं."

मी वर आलो तो एक्केचाळीस घेऊन.

त्या दुपारी जुबेदाबी आतल्या खोलीत पडल्या होत्या. सिराजभाई आवारात आले, दोन बादल्या घेऊन. बादल्यांत पाणी होतं. मला वाटलं आवार धुणार. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, पाणी आत ओतलं आणि डिझेल ओढणारा पाइप थोडा वर खेचून सुतळीनं बांधला. पाणी जड, ते तळाला जातं आणि डिझेल वर तरंगतं. पाइप वर घेतला म्हणजे बर्नरला डिझेलच मिळणार. भट्टीवाल्याचं डोकं, चाललं की असं चालतं. पुढेही सकाळच्या भट्टीला जेवढं डिझेल जळायचं तेवढं पाणी ते त्याच दुपारी ओतायचे आणि पाइप आणखी वर बांधायचे.

सकाळी जुबेदाबींनी मला सोडलं. माझे पाय गार पडले. इतकी वर्षं त्या तळाला डिझेलचा बुळबुळीत स्पर्श ओळखीचा होता आणि आता खाली काहीतरी भलतंच. मी ओरडून सांगणार होतो, पण काय सांगणार? ओली रेघ एक्केचाळीसलाच होती. त्या म्हणाल्या, "एक्केचाळीस." आतून "हां" आलं, जरा घाईनं आलं. त्या दिवशी त्या पोळी-भाजी जेवल्या.

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस. मी खरं बोलत होतो की खोटं? दशरथभाऊ समोर असते तर विचारलं असतं. आकड्यात चूक नव्हती. तरी मला शरम वाटायची, आणि शरम वाटायचीच असेल तर ती माझ्याऐवजी सिराजभाईंना वाटायला हवी, असंही वाटायचं. पण ते बिचारे रोज दुपारी बादल्या घेऊन चोरासारखे यायचे आणि घाईघाईनं झाकण लावून जायचे. कोणाला काय म्हणावं.

पंधरवडा असा गेला. मग एका सकाळी भट्टी ठसकली आणि विझली. पाव निम्मे भाजलेले, निम्मे पांढरे. डिझेलचा थर इतका पातळ झाला होता की पाइपाच्या तोंडात पाणी गेलं. जुबेदाबी आवारात आल्या. मला टाकीत सोडलं, वर काढलं.

"एक्केचाळीस आहे," त्या म्हणाल्या. "मग भट्टी का विझली?"

"बर्नरमध्ये कचरा असेल, अम्मी." सिराजभाई त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

जुबेदाबींनी मला आडवं धरलं. वरच्या टोकापासून नव्हे, खालच्या टोकापासून बोट फिरवलं. खालचा खडू धुऊन गेला होता. त्यांनी बोट नाकाशी नेलं, मग दोन बोटं एकमेकांवर चोळली. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचा, आता यांना सगळं कळलं.

त्या सिराजभाईंकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"कचराच असेल," जुबेदाबी म्हणाल्या. "साफ करून घे."

आणि मला खिळ्यावर टांगून आत गेल्या. दुसऱ्या सकाळी येऊन त्यांनी मला टाकीत सोडलं आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं "एक्केचाळीस" असं सांगितलं. माझं डोकं चालेना. सिराजभाई त्यांना फसवत होते हे मला कळत होतं. त्या फसल्या नव्हत्या हेही मला दिसलं होतं. मग रोज सकाळी हा आकडा कोण कोणाला सांगत होतं?

त्यानंतर भट्टी थोडी चालायची, थोडी बंद. सप्टेंबर संपत आला तसं डिझेल संपलं. एका सकाळी भट्टी पेटलीच नाही. जुबेदाबी मला हातात धरून टाकीपाशी उभ्या होत्या, सिराजभाई भट्टीच्या दारात. त्याच वेळी दुकानातून कोणीतरी आत आलं. काळवंडलेला, गाल बसलेले, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला. शहेजाद होता. ट्रकनं बगदाद, तिथून बसनं जॉर्डन, वाळवंटातल्या तंबूत सतरा दिवस, मग विमानानं मुंबई आणि एसटीनं स्वारगेट.

जुबेदाबींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तिकडे तेल आहे ना?"

"काय?" शहेजाद म्हणाला.

"तेल. आहे ना तिकडे?"

त्यानं त्यांच्या हातातल्या माझ्याकडे बघितलं, टाकीच्या उघड्या झाकणाकडे बघितलं, थंड भट्टीकडे बघितलं. त्याचा चेहरा बदलला तो मी अगदी जवळून पाहिला. "अम्मी, मी जिवंत परत आलोय," तो म्हणाला, "आणि तुम्हाला टाकीची पडलीये?"

जुबेदाबी टाकीच्या कडेलाच बसल्या. मला वाटलं, आता त्या सांगतील. पण सांगायचं तर पाण्याचंही सांगावं लागलं असतं, आणि सिराजभाई समोर उभे होते. सिराजभाईंनीही तोंड उघडलं नाही. शहेजाद तोंड धुवायला आत गेला. पुढच्या शुक्रवारी जुबेदाबी न सांगता दिवसभर नणंदेकडे जाऊन बसल्या आणि सिराजभाईंनी हातपंप लावून टाकीतलं पाणी गटारात सोडलं. संध्याकाळी त्या परत आल्या.

पुढे डिझेल यायला लागलं. एक्क्याण्णव साली सुशीलाबाईंनी वाचून दाखवलं की सरकारनं नवं धोरण आणलंय, आता बाहेरचा माल देशात मोकळेपणी येणार. "डिझेल तर आधीपासून बाहेरूनच येतंय," जुबेदाबी म्हणाल्या, "तेव्हा धोरण नव्हतं का?" सुशीलाबाईंनी घडी घालून पेपर पिशवीत टाकला.

शहेजाद बेकरीत रमला नाही. ब्याण्णवला पुन्हा कुवेतला गेला, लग्न करून बायकोलाही तिकडे घेऊन गेला. आता गल्ल्यावर फोन आला होता. दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन यायचा, आणि जुबेदाबींचा पहिला प्रश्न ठरलेला. "तिकडे तेल आहे ना?"

मग पलीकडून आवाज चढायचा. इतका चढायचा की भिंतीवर मला शब्द ऐकू यायचे. "अम्मी, तेलाचं तुम्हाला काय करायचंय? इथे तेलाशिवाय आहेच काय? मी कसा आहे ते विचारा की कधीतरी." जुबेदाबी "बरं, बरं" म्हणायच्या आणि फोन ठेवून आत जायच्या. मला राग यायचा. बाई, सरळ विचारा ना, कसा आहेस बेटा. तीन शब्द आहेत. पण बहुतेक त्या सकाळी आवारात तोंडातून निघालेला प्रश्नच त्यांच्या जिभेवर बसला होता. सोळा वर्षं दर शुक्रवारी तोच प्रश्न आणि तेच भांडण.

या सोळा वर्षांत पुणं कुठल्या कुठे गेलं. पावापेक्षा केक जास्त खपायला लागला. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं हिंजवडीहून फोन करून केकवर कोणाचं नाव घालायचं ते इंग्रजीत सांगायची. सिराजभाईंची मुलगी मिसबा कॉम्प्युटर शिकली आणि तशाच एका कंपनीत लागली. जुबेदाबींचे गुडघे गेले, तरी त्या भिंत धरून आवारात यायच्या आणि मला टाकीत सोडायच्या. दोन हजार आठच्या थंडीत त्या गेल्या. शहेजाद पोचला तेव्हा दोन दिवस होऊन गेले होते. तो भट्टीपाशी बसून सिराजभाईंना म्हणाला, "शेवटच्या फोनवरसुद्धा तेलच विचारलं, भाई." सिराजभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गप्प बसले. मी खिळ्यावरून त्यांच्या नावानं शंख करत होतो, पण पितळेचं ऐकतो कोण.

मग माझेही दिवस फिरले. भट्टीला पाइपातून गॅस आला. टाकीत राडारोडा भरून वर सिमेंट केलं. पाइपात गज कुठे बुडवणार? भिंतीवर मीटर बसवला, तो किती जळालं ते सांगतो. किती उरलंय ते सांगत नाही. मी मिसबाच्या तोंडून ऐकलं की हा गॅसही बराचसा बाहेरूनच येतो, जहाजातून. म्हणजे पुन्हा तेच, आणि आता आत डोकावायचीही सोय नाही. याला सुधारणा म्हणतात की काय, मला समजलेलं नाही. मला मैद्याच्या पोत्यांमागे टाकून दिलं. कधी माझ्यानं शटरची कडी वर ढकलायचे, कधी मांजराला हुसकायचे. माझ्या अंगावर सेंटिमीटर आहेत हे मांजराला काय माहीत.

गेल्या महिन्यात शहेजाद कायमचा परत आला. पोट सुटलेला, केस पांढरे. कोपरा साफ करायला त्यानंच काढला आणि पोत्यांमागून मला ओढून बाहेर घेतलं. "हा अजून आहे?" तो म्हणाला. भंगारवाला दुपारी येणार होता. सिराजभाई केक डब्यात भरत होते. मिसबा लॅपटॉप घेऊन केकच्या फ्रिजपाशी उभी होती, कारण चार्जिंगची जागा तिथेच आहे.

"चाचा, माझा रिपोर्ट ऐका ना," ती म्हणाली. "क्लायंट बाहेरचा आहे. त्यांच्या देशात ना तेल, ना गॅस, सगळं इंपोर्ट. त्यांना सांगायचंय की हा सप्लाय किती सेफ आहे."

"त्यात काय सांगायचंय?" शहेजादनं मला जमिनीवर उभं केलं. "टाकीत बघायचं किती उरलंय ते."

"तो शेवटचा कॉलम, चाचा. आम्ही पहिल्यांदा बघतो की पाठवणारा कसा आहे. तिथे लढाई आहे का, माणसं धड आहेत का, जहाज निघतंय का. तो सुखरूप असेल तर टाकी भरते. नुसती टाकी भरलेली असून काय उपयोग?"

"तुझ्या दादीला नोकरी द्यायला हवी होती तुमच्या कंपनीनं," शहेजाद म्हणाला. हसून म्हणाला, पण ते हसणं नव्हतं. "तिलाही तेलाशिवाय दुसरं काही सुचायचं नाही."

सिराजभाईंचा हात डब्यावर थांबला.

"शहेजाद, ती तेल विचारत नव्हती."

"मग काय विचारत होती?"

"आपल्या टाकीतलं तेल तू पाठवतोस असं ती धरून होती. तूच लिहिलं होतंस पत्रात. तेल आलं म्हणजे तू आहेस. त्या दोन महिन्यांत टाकी उतरायला लागली तसं तिनं जेवण सोडलं. मग मी टाकीत पाणी ओतायला लागलो. रोज दोन बादल्या. आकडा हलू नये म्हणून."

"अब्बू," मिसबा म्हणाली, "तुम्ही डेटा फिरवलात?"

"हो. फिरवला."

शहेजाद माझ्याकडे बघत होता. "आणि अम्मीला कळलं नाही?"

"मलाही वाटत होतं की नाही कळलं," सिराजभाई म्हणाले. "जायच्या आदल्या आठवड्यात मला जवळ बोलावून म्हणाली, सिराज, ती टाकी नंतर नीट पुसली होतीस ना रे? पाण्यानं तळ गंजतो."

भंगारवाल्यानं दारातून हाक मारली, दोनदा मारली आणि उत्तर आलं नाही म्हणून पुढे गेला.

"मग मला का नाही सांगितलंस भाई, इतकी वर्षं?"

"आधी लाज वाटली. मग राहूनच गेलं. चूक झाली माझी."

"मी फोनवर काय काय बोलायचो तिला." शहेजाद म्हणाला. "दर शुक्रवारी भांडायचो. एकदासुद्धा नीट उत्तर दिलं नाही. सोळा वर्षं ती विचारत राहिली आणि मी तिच्यावर ओरडत राहिलो."

सिराजभाई गल्ल्यामागून बाहेर आले. "ओरडायचास. आणि ती फोन ठेवून आत यायची आणि मिसबाच्या आईला म्हणायची, चिडलाय आज चांगला, म्हणजे बरा आहे. वाढ गं मला."

शहेजाद मैद्याच्या पोत्यावर बसला आणि मला मांडीवर आडवं घेऊन रडला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, भर दुपारी, दुकान उघडं असताना. मिसबानं लॅपटॉप मिटला आणि गिऱ्हाइकाला नंतर या म्हणून सांगितलं.

सध्या मी गल्ल्यामागे उभा आहे. विकलं नाही, पण काही कामही दिलेलं नाही. माझा गोंधळ थोडा कमी झालाय, संपलेला नाही. जुबेदाबी माझ्यावर तेल वाचत नव्हत्या एवढं कळलं. त्यांना हवा होता तो आकडा फोनच्या पलीकडच्या आवाजात होता आणि तो त्यांना बरोबर वाचता यायचा, गज न बुडवता. मग रोज सकाळी गुडघे धरून माझ्यापर्यंत का यायच्या, ते काही कळत नाही.

आता तुम्हाला एक विनंती आणि माझं बोलणं संपलं. घरचं कोणी म्हातारं माणूस लांबून फोन करतं आणि भलतंच काहीतरी विचारतं. तिकडे पाऊस आहे का, लाइट गेली होती का, गॅसला नंबर लावला का. तुम्ही चिडता. चिडायला माझी हरकत नाही. फक्त जरा मोठ्यानं चिडा.